ट्रॅप उपसणारी गाडी येण्याआधी

ट्रॅप म्हणजे हॉटेलच्या सांडपाण्यातली चरबी अडवणारी टाकी. ती उपसणारी गाडी रात्री साडेअकराला येणार असली तरी तयारी दुपारची गर्दी ओसरली की सुरू करा. आधी ट्रॅपमध्ये न ओतता कॅनमधून वेगळं द्यायचं जळकं तेल. वस्तादाला सांगा, आज शेवटचा घाणा दहाच्या आत. कढईतलं तेल निवायला वेळ लागतो, आणि कडकडीत तेल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतलं की कॅनही जातो आणि पोराचा हातही भाजतो. निवलेलं तेल बारीक जाळीतून गाळा म्हणजे वड्यांचा चुरा मागे राहील. कॅन आतून कोरडाठाक हवा. या तेलाचं पुढे बायोडिझेल होतं आणि पाणी शिरलं तर त्या प्रक्रियेत साबण तयार होतो, त्यामुळे ओल्या कॅनचा भाव पडतो.

कुठलं तेल द्यायचं हे आचाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा, नियम जुलै 2018 पासून आहे. मोजायचं मीटर मिळतं, महाग आहे, पण तळणाचं दुकान असेल तर घ्याच. मीटर नसेल तर तेलावर निळसर-करडा धूर दिसला किंवा फेस बसेनासा झाला की कढई रिकामी करा. त्यात ताजं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका.

रोज 50 लिटरहून जास्त तेल तळणाला लागत असेल तर मार्च 2019 पासून नोंदवही सक्तीची आहे: कुठलं तेल, किती काढलं, किती टाकलं, कधी आणि कोणाला दिलं. कमी लागत असलं तरी वही ठेवा. ती आज दुपारीच पूर्ण करून गल्ल्याजवळ ठेवा, गाडी दारात उभी असताना आकडे आठवत बसायला नको. तेल नेणारी संस्था अधिकृत आहे ना, हे बघून पावती घ्या. किलोमागे चार पैसे जास्त देऊन, पावती न देता डबे उचलणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्याकडचं तेल पुढे कुणाच्या तरी कढईत जातं. असल्या गिऱ्हाइकाला मी तरी दारात उभं करणार नाही.

आता ट्रॅप. त्यातला मेणचट थर तेलाच्या कॅनमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका, आणि जळकं तेलही ट्रॅपमध्ये ओतू नका. ट्रॅपमध्ये पाण्याचा वेग मंदावतो, चरबी वर तरंगते, भात-डाळीचा गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे निघून जातं. म्हणूनच आदल्या दिवशी उकळतं पाणी आणि साबण ओतून ‘थोडं मोकळं’ करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चरबी वितळून पुढच्या पाइपात जाते आणि तिथे थिजते. काठी बुडवून बघा. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाव उंचीवर आले असतील तर गाडी वेळेवरच बोलावलीत.

झाकणावर कांद्याची पोती ठेवलेली असतात, ती आधी हलवा. बोल्ट गंजले असतील तर दुपारीच तेल सोडून सैल करा. मोरीची जाळी झाडा, ताटांतलं खरकटं ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, भांडी अकराच्या आत उरका. सोसायटीच्या वॉचमनला गाडीचा नंबर आणि वेळ कळवा, नाहीतर पाइप घेऊन माणसं गेटवरच ताटकळतील. एग्झॉस्ट चालू ठेवा, उघडं अन्न झाका. जमिनीखालचं मोठं चेंबर असेल तर आपल्या पोरांना आत उतरवू नका. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि तो वायू जास्त झाला की वाससुद्धा येईनासा होतो.

काम चालू असताना कोणीतरी जबाबदार माणूस उभा राहू दे. वरवरचं शोषून ‘झालं साहेब’ म्हणणारे असतात. भिंती आणि आतल्या आडव्या पट्ट्या खरवडल्या, तळचा गाळ निघाला, बाहेरचा पाइप मोकळा झाला, हे टॉर्च मारून बघा. मग ट्रॅप स्वच्छ पाण्याने भरून घ्या. रिकामा ठेवलात तर पाणी भरेपर्यंत चरबी सरळ पुढे निघून जाईल. झाकणाचं रबर फाटलं असेल तर त्याच रात्री बदला, सकाळी गिऱ्हाइकाला वास येईल. गाळ कुठे नेला ते पावतीवर लिहून घ्या.

पुढची तारीख मात्र कंत्राटदाराच्या कॅलेंडरवरून ठरवू नका. ट्रॅप पाव भरायला किती दिवस लागतात ते काठीने बघून वहीत टिपा. श्रावणात मटणाचा रस्सा थंडावला तरी साबुदाणा वड्याचे घाणे वाढतात, तेव्हा महिन्याच्या मध्येच एकदा झाकण उघडून बघा.