रॉक आणि इंडी संगीताचा मराठी अंक कसा रचायचा

"रॉकचा अंक ना? मग जरा मोडतोड दिसू दे!" हा सल्ला मला ठाण्याच्या नौपाड्यातल्या डीटीपीवाल्यापासून मित्रांपर्यंत सगळ्यांनी दिला आणि पहिले तीन अंक मी तो निमूट पाळला. काळी पानं, चरे पडल्यासारखी अक्षरं, तिरकी केलेली शीर्षकं. अकरावी-बारावीतली मुलं अंक हातात घ्यायची, फोटो बघायची आणि खाली ठेवायची. तिसऱ्या अंकानंतर एका मुलीनं सरळ सांगितलं, "दादा, वाचताच येत नाही." ती ड्रम वाजवायची आणि त्याच अंकात ड्रमच्या सरावावर चार पानं होती. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांच्यापर्यंतच तो पोचला नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मोडतोड मांडणीत करा, अक्षरात करू नका. फोटो पानाबाहेर जाऊ दे, स्तंभ वरखाली होऊ दे, अख्खी ओळ तिरकी फिरवा. देवनागरी अक्षराच्या अंगाला मात्र हात लावू नका.

यावर कुणीतरी डेव्हिड कार्सन या ग्राफिक डिझायनरचं नाव काढतंच. 'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकात १९९४मध्ये त्यानं गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून झाफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली. पण तीच मुलाखत वाचता येईल अशा अक्षरात त्याच अंकाच्या मागच्या भागात छापलेली होती, हे सांगायचं राहून जातं. शिवाय रोमन अक्षरं सुटी असतात. त्यांना ओढा, ढकला, एकमेकांवर चढवा, ती तग धरतात. आपली अक्षरं शिरोरेषेनं एकत्र बांधलेली असतात. एक ओढलं की अख्खा शब्द उसवतो.

आकार आणि पानं

ए-फोरचा हट्ट सोडा. २० × ३० इंची कागदाच्या तीन घड्या घातल्या की १६ पानं मिळतात आणि छाटल्यावर पान साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं राहतं. आपले बरेचसे दिवाळी अंक याच मापाचे असतात. कागद वाया जात नाही आणि अंक कॉलेजच्या बॅगेत दुमडल्याशिवाय बसतो. ३२ पानं आत, ४ पानं मुखपृष्ठाची, सेंटर पिन. आतला कागद मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला, कारण त्यावर मुलं पेननं लिहितात, कॉर्ड उतरवतात. अंक असाच वापरला जायला हवा.

मजकूर मागवणं

सगळं युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर बदलून घेताना 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' यांचा हमखास 'दुसर्या', 'कोपर्यात' होतो. असे शब्द शोधून एकेक तपासा.

विषय कुठले घ्यायचे ते तुम्हाला कळतं. मी फक्त एका गोष्टीचा आग्रह धरेन. इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतःच्या बळावर केलेलं संगीत, ही कालपरवाची गोष्ट, असं या वयाच्या मुलांना वाटतं. त्यांना मागचा रस्ता दाखवा. मी पानांच्या तळाशी एक बारीक पट्टी चालवतो, पान उलटेल तशी ती पुढे सरकते. रॉक मशीन हा मुंबईचा बँड १९८४ साली, मुंबईच्याच रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ साली, रॉक मशीनचा इंडस क्रीड झाला ते १९९३ साली, त्याच वर्षी अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक, पुण्यात एनएचसेव्हन वीकेंडर हा महोत्सव २०१० साली. पट्टीला जागा लागते जेमतेम अर्धा इंच, आणि मुलं अंक उलटसुलट चाळत तीच आधी वाचतात.

अक्षरं

मी सगळ्यात जास्त वेळ, पैसे आणि झोप घालवली ती इथे.

आधी सॉफ्टवेअर. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते बघा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवून सुटतात. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. मोफत हवं असेल तर स्क्रायबस १.६ देवनागरी नीट जोडतं. मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर आपल्या वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात.

फाँट दोनच घ्या. मजकुरासाठी मी 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फाँट वापरतो. त्यात जाड-बारीक भरपूर वजनं आहेत आणि रोमन अक्षरंही त्याच हातची असल्यामुळे इंग्रजी शब्द मध्येच उंच उडी मारत नाहीत. तिरो देवनागरी मराठी सुंदर आहे, पण त्यात खरा ठळक नाही, म्हणून मुलाखतीतले प्रश्न ठळक करायचे असतील तर अडचण होते. शीर्षकांसाठी खंड किंवा तेको, दोन्ही अरुंद आणि उभट, कमी जागेत मोठा आवाज करतात. यात्रा वन मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे आणि गावातल्या बँडच्या पानाला तो फार शोभतो. हे सगळे मोफत मिळतात. चरे पाडलेले, रक्त ठिबकणारे फाँट उतरवून घेऊ नका. त्यांत जोडाक्षरं निम्मीच असतात आणि 'स्ट्रिंग' लिहिलं की डबे दिसतात.

आता मी जिथे पडलो ती जागा. चौथ्या अंकाच्या मुखपृष्ठावर कळव्याचा एक बँड होता आणि शीर्षक होतं 'गच्चीवरचा गोंगाट'. लाल अक्षरं, भोवती जाड पांढरी किनार. पडद्यावर झकास दिसत होतं. पाचशे प्रती छापून आल्या तेव्हा प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एकेक पांढरी उभी रेघ होती. शब्द चिकटवून जोडल्यासारखा दिसत होता. त्या रात्री मी गठ्ठ्यांसमोर बसून राहिलो. मुलांना काय सांगायचं तेच सुचेना.

कारण असं आहे. देवनागरी फाँटमध्ये अख्खी शिरोरेषा एक नसते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडं चढतं. भरीव रंगात ते कळत नाही. किनार मात्र प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, म्हणून सांधे उघडे पडतात. उपाय सोपा आहे, तो मला कुणी सांगितला नव्हता एवढंच. शीर्षकाची आधी एक प्रत वेगळी ठेवा. मग दुसऱ्या प्रतीतली अक्षरं आकारांत बदला, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधल्या युनाइटनं सगळे आकार एक करा आणि त्यानंतर किनार लावा. पहिली प्रत जपायची कारण आकार झाल्यावर शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही. आणि तपासताना ४०० टक्के मोठं करून बघा. अख्खं पान पडद्यावर मावतंय तोवर हा दोष दिसत नाही.

याच जातीच्या बाकीच्या चुका. इंग्रजी पोस्टरसारखी अक्षरं लांब लांब पसरवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षक रुंद हवं असेल तर शब्दांमधली जागा वाढवा. बटण दाबून तिरकं करू नका, त्याऐवजी पूर्ण ओळ सहा-सात अंशांनी फिरवा. तिरपेपणाचा जोर तेवढाच मिळतो आणि अक्षर शाबूत राहतं. बटण दाबून ठळकही करू नका. अनुस्वार आणि 'क्ष'ची पोटं बुजतात. शिरोरेषा काढून टाकायचा मोह होईल. अंकाच्या नावापुरतं ते चालतं, पण म आणि भ, घ आणि ध यांतला फरक बराचसा वरच्या रेषेतल्या फटीवर उभा असतो, म्हणून मजकुरात कधीच नको. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची इंग्रजी पद्धतही सोडा. सॉफ्टवेअर 'स्टेज'मधला नुसता स मोठा करतं आणि जोडाक्षर फोडतं. मी पहिली ओळ ठळक करतो, काम भागतं.

ओळींमधली जागा सढळ हातानं द्या. साडेदहा पॉइंटच्या मजकुराला मी साडेपंधरा ते सोळा पॉइंट देतो. शीर्षक दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांवर आदळतात. अशा वेळी अक्षर लहान करू नका, शब्द बदला. लेखकाला फोन करा, दुसरं शीर्षक मागा. हे माझं काम नाही असं म्हणणारा रचनाकार मला पटत नाही.

इंग्रजी शब्दांबद्दल माझा हट्ट आहे. रिफ, साउंडचेक, डिस्टॉर्शन, पेडल हे शब्द मुलं बोलतात तसेच देवनागरीत लिहा. डिस्टॉर्शनला 'विरूपण' लिहाल तर पान उलटलं जाईल. दर ओळीत लिपी बदलली तर डोळा ठेचकाळतो. बँडची नावंही मजकुरात देवनागरीत घ्या आणि मुलांना गाणं शोधता यावं म्हणून लेखाच्या शेवटी एका चौकटीत त्यांचं रोमन स्पेलिंग द्या. त्याच चौकटीत क्यूआर कोड टाका, निदान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा.

अंकाचं नाव मात्र फाँटमधून उचलू नका, हातानं काढा. कमल शेडगे यांनी नाटकांसाठी रेखलेली शीर्षकं शोधून बघा. ठाण्यात, गडकरी रंगायतनच्या शहरात राहत असाल आणि ती पाहिली नसतील तर आधी ते करा. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो आणि तरी शब्द एका नजरेत कसा वाचता येतो, ते तिथे कळतं.

फोटो

गिगचे, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांचे फोटो अंधारात, लाल नाहीतर निळ्या एलईडीखाली काढलेले असतात. फोनवर ते चमकतात, मॅपलिथोवर चिखल होतात. तो गडद निळा चार शाईंच्या आवाक्यातच नसतो आणि मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे मधल्या छटा आणखी काळवंडतात. मी असे फोटो सरळ एकरंगी करतो. लाल उजेडातल्या फोटोत चेहऱ्याचा तपशील रेड चॅनलमध्ये असतो, निळ्यातल्याचा ब्लूमध्ये. तोच चॅनल घ्या, तो जळून पांढरा पडला असेल तर ग्रीन थोडा मिसळा. सॉफ्टवेअरच्या 'ब्लॅक अँड व्हाइट'च्या आयत्या सेटिंगवर सोडू नका. मग कर्व्हमध्ये मधल्या छटा पडद्यावर जरा फिकट वाटतील इतक्या वर उचला. रंगीत ठेवायचेच असतील तर चारही शाईंची बेरीज २४० ते २६० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते.

काळ्या पानावर पांढरा मजकूर हवाच असेल तर काळा एकाच प्लेटचा घ्या, चार रंग मिळून केलेला नको. प्लेट केसभर हलली तरी बारीक मात्रा भरून जातात. एका गीताच्या पानावर माझ्या 'रंग'चा 'रग' झाला होता. ज्या मुलानं ते लिहिलं होतं त्याचं छापलेलं ते पहिलंच गीत होतं. आता उलट्या रंगात अकरा पॉइंटपेक्षा लहान आणि मध्यम वजनापेक्षा बारीक अक्षर मी लावतच नाही.

दुसऱ्याचं गीत किंवा फोटो लेखी परवानगीशिवाय छापू नका.

मुखपृष्ठ

२०२५च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले तीन रात्री वाजवून गेले, तेव्हा मला सगळ्यांनी तोच फोटो मुखपृष्ठावर घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. तो फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. ऐरोलीच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाद्या लावून सराव करणाऱ्या चार मुलांचा फोटो कुठेच नव्हता. मुलांना आपल्यासारखं कुणीतरी मुखपृष्ठावर दिसलं की ती अंक मित्राला दाखवायला नेतात.

छपाई

चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छाटणीत जाणारी जादा छपाई, फोटो ३०० डीपीआय, पानांचे क्रमांक छाटणीच्या कडेपासून १० मिलिमीटर आत, फाइल छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए प्रकारातली. अंक नियमित काढणार असाल तर नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, त्याप्रमाणे नोंदणी आधी करा.

प्रूफ घरच्या प्रिंटरवर काढून भागत नाही. त्याच कागदावरचं मागा आणि छपाईच्या दिवशी मशीनपाशी स्वतः उभे राहा. सुरुवातीचे कागद बाहेर आले की एक उचला, खिडकीपाशी न्या. फोटो नंतर बघा. आधी काळ्या पानावरचे सगळे अनुस्वार बोट ठेवून मोजा, मग शीर्षकांचे सांधे. एकही बुजलेला दिसला तर मशीन थांबवायला सांगा. मशीनवाला वैतागेल, तरी थांबवायला लावा.