गाडी धुतल्यावर डिस्कवर गंज चढतो? पार्क करायच्या आधी एक चक्कर मारा

रविवारी गाडी घासूनपुसून चकाचक केली आणि सोमवारी बघतो तर चाकाच्या आत ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, नारिंगी! पहिली गाडी घेतलेला माणूस इथे हमखास घाबरतो, मीपण घाबरलो होतो. पण डिस्क असते बिडाची, आणि ब्रेक दाबला की तिला आवळणारे पॅड जिथे घासतात तिथे कोटिंग दिलं तरी ते घासून जातं, म्हणजे खाली उघडं लोखंडच, त्यावर पाणी पडलं की काही तासांत गंज धरणारच, त्यात मुंबईची दमट हवा आणि वर्सोवा-वरळीकडे राहत असाल तर खारा वारा, मग विचारायलाच नको. हा गंज वरवरचा असतो, गाडी काढून पाच-सहा वेळा ब्रेक दाबले की पॅडच तो खरवडून टाकतात, थोडा खरखर आवाज येतो तेवढाच.

तरी तो कमी धरावा असं वाटत असेल तर उपाय फुकटचा आहे. धुतली की लगेच कव्हर घालून लावून टाकू नका, दोन-तीन किलोमीटरची चक्कर मारा आणि रस्ता मोकळा बघून हलके हलके ब्रेक लावत या. पहिले एक-दोन ब्रेक ओल्या डिस्कमुळे जरा उशिरा लागतात, म्हणून पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवू नका. डिस्क गरम झाली की पाणी उडून जातं. उलट, लांबून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा पाइप मारायचा नाही, डिस्क वाकडी व्हायचा धोका असतो, अर्धा तास थांबा.

हँडब्रेकचं पण बघा. ओली गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवली की मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर ड्रमच्या आतून घासणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लायनर, चिकटून बसतात, मग गाडी काढताना खाडकन आवाज. पावसाळ्यात तर हे घरोघरी. सपाट जागा असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर ‘P’ म्हणजे पार्कवर, टायरला एक वीट लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. उतारावर मात्र हा शहाणपणा करू नका.

आणि डिस्कवर तेल, ग्रीस, वॅक्स, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही नाही म्हणजे नाही! आमच्या बिल्डिंगमधल्या एकांनी गंज धरू नये म्हणून डिस्कला मस्त तेल पुसलं, गेटपर्यंत जाईस्तोवर ब्रेक लागेनात, नशीब वेग नव्हता. पॅड तेल पितात, मग ते बदलावेच लागतात. चुकून काही उडालंच तर ब्रेक क्लीनर मारून पुसा.

बाकी लोखंडाला मात्र तेलपाणी चालतं. दाराच्या बिजागऱ्यांना आणि बॉनेटच्या लॉकला थोडं ग्रीस, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आतच साचतं आणि दार आतून सडतं, काडीने साफ करा. स्टीलच्या रिमचा रंग उडाला असेल तिथे टचअप मारून घ्या.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. बऱ्याच सोसायट्यांत गाड्या बोअरिंगच्या पाण्याने धुतात आणि समुद्राजवळ ते खारट असू शकतं, सुकलं की मीठ मागे राहतं आणि मीठ असलं की गंज भराभर चढतो. शेवटची एक बादली पालिकेच्या पाण्याची ओता. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटा अंगावर घेऊन आलात तर त्याच दिवशी चाकं आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा.

दहा-पंधरा किलोमीटर चालवूनही खरखर जात नसेल, पेडल पायाखाली थरथरत असेल किंवा डिस्कवर नखाला लागतील असे खड्डे दिसत असतील, तर ते धुण्याचं काम राहिलं नाही. मेकॅनिकला डिस्कची जाडी मोजायला सांगा, किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर डिस्क बदला, आणि बदलताना पुढच्या दोन्ही एकदमच.