आंब्याच्या हंगामात कोडला हात लावू नका

मी देवगडात राहून फ्रंट-एंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं, काम करते. दहा वर्षं पुण्यात काढली. आता अर्धा दिवस तिथल्या टीमसाठी काम असतं आणि उरलेला इथल्या बागायतदारांसाठी, होमस्टेवाल्यांसाठी. जामसंडे-कणकवलीकडची मुलं-मुली भेटली की विचारतात, ‘ताई, आता कुठलं फ्रेमवर्क शिकू?’ फ्रेमवर्कचं, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याचं, नाव दर दोन वर्षांनी बदलतं, प्रश्न तसाच राहतो. त्यांना तोंडी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी मामाच्या पेजबद्दल. हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घ्यायला मी त्याला एक पेज करून दिलं होतं. ऑफिसात रिॲक्ट हे फ्रेमवर्क वापरत होते, म्हणून तेही रिॲक्टमध्येच केलं. पुण्याच्या वायफायवर ते लगेच उघडायचं. मार्चात मामाने बागेतून, कातळावरून, त्याच्या जुन्या फोनवर उघडलं आणि मला फोन केला, “गो, तुझां पेज उघडतच नाय, नुसतां पांढरां दिसता.”

पुढच्या खेपेला गावी आले तेव्हा तोच फोन हातात घेऊन तिथेच उभी राहिले. रेंज कमी, त्यामुळे जावास्क्रिप्टची (पेज चालवणाऱ्या कोडची) फाइल उतरायला वेळ लागत होता, हे अपेक्षितच होतं. पण फाइल उतरल्यावरही स्क्रीन पांढरीच. स्वस्त फोनच्या प्रोसेसरला ती वाचून चालवायलाच कितीतरी सेकंद लागत होते. आणि ती चालेपर्यंत एक अक्षरही दिसणार नव्हतं, कारण मूळ एचटीएमएलमध्ये, म्हणजे पेजच्या मजकुराच्या कोडमध्ये, एका रिकाम्या डिव्हशिवाय (चौकटीच्या टॅगशिवाय) काहीच नव्हतं.

त्या रात्री मी साधा एचटीएमएल फॉर्म लिहिला: नाव, फोन, पत्ता, किती डझनांची पेटी, किती पेट्या, आणि ‘पाठवा’चं बटण. असा फॉर्म ब्राउझर स्वतःच सर्व्हरला पाठवतो, त्याला जावास्क्रिप्ट लागत नाही. एकूण रक्कम दाखवण्यापुरते चार ओळींचे जावास्क्रिप्ट ठेवले. ते पोचले नाही तरी ऑर्डर पोचते.

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. कुठलंही फ्रेमवर्क उघडायच्या आधी असा एक फॉर्म हाताने लिहा. प्रत्येक खान्याला लेबल द्या. फोनच्या खान्याचा टाइप ‘टेल’ ठेवा, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड येतो. ऑटोकंप्लीट लावा, म्हणजे मुंबईच्या गिऱ्हाइकाला पूर्ण पत्ता पुन्हा टाइप करावा लागत नाही. मग घरातला सगळ्यात जुना फोन घ्या आणि जिथे रेंज कमी येते तिथे जाऊन पेज उघडा. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरच्या साधनांत) नेटवर्क आणि प्रोसेसर दोन्ही मुद्दाम मंद करता येतात, ते रोजच्या कामात वापरा; पण महिन्यातून एकदा तरी खरा फोन हातात हवाच. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, ही गूगलने ठरवलेली मापं आहेत. मापायला मामाचा फोन घ्या, तुमचा लॅपटॉप नको. मे महिन्याच्या उन्हात तो फोन धरला की फिकट राखाडी अक्षरं का टाळायची तेही कळतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट ठेवा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात.

आता फ्रेमवर्कचं. नोकरी हवी असेल तर रिॲक्ट शिकाच, मीही रोज त्यातच काम करते. पण आतापर्यंत काय झालं ते बघा. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडचा संच) २००६ मध्ये आली, कारण तेव्हा प्रत्येक ब्राउझर वेगळा वागायचा. पेजवरचा हवा तो भाग सिलेक्टरने शोधायची तिची सोय पुढे ब्राउझरमध्येच आली. कॉलमची मांडणी करायला आम्ही बूटस्ट्रॅप ही तयार मांडणी घ्यायचो. २०१७ मध्ये सीएसएसमधलं (पेज सजवायच्या भाषेतलं) ग्रिड मोठ्या ब्राउझरांत आलं आणि ते कारण संपलं. सीएसएस सोपं लिहायच्या सॅस या साधनातली व्हेरिएबल्स आणि नेस्टिंग (नियमात नियम) आता सीएसएसमध्येच आहेत. पॉपअपसाठी लायब्ररी लागायची, आता ‘डायलॉग’ हा टॅगच आहे. साधनांमधलं जे खरोखर उपयोगी असतं, ते हळूहळू ब्राउझरमध्ये मुरतं. दुसऱ्या बाजूला अँगुलरजेएस हे फ्रेमवर्क बघा. २०१० ला आलं, २०१६ च्या नव्या अँगुलरने सगळं मुळापासून बदललं, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा सपोर्ट बंद झाला. ज्यांना फक्त त्याची वाक्यरचना पाठ होती त्यांना पुन्हा पहिलीपासून बसावं लागलं. ज्यांना डॉम (ब्राउझरमधली पेजची रचना), इव्हेंट (टॅप, क्लिक वगैरे घटना) आणि एचटीटीपी (ब्राउझर-सर्व्हरमधली बोली) समजत होतं ते महिन्याभरात पुढे गेले.

म्हणून नवीन काही आलं की मी वहीत एकच वाक्य लिहिते: हे कुठला त्रास कमी करतं? ते वाक्य लिहिता आलं नाही तर ते साधन बाजूला ठेवते. तो त्रास माझ्या गिऱ्हाइकाला नसेल तरीही ठेवते. ब्राउझरमध्ये नवीन काही आलं तर ‘बेसलाइन’ (कुठली सोय किती ब्राउझरांत आहे ते सांगणारी खूण) बघते. सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आल्यापासून ३० महिने झाले की ते ‘वाइडली अव्हेलेबल’ (सगळीकडे उपलब्ध) धरतात. मामाच्या पेजवर मी तेवढंच वापरते.

मराठी पेजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे आपल्याला कोणी शिकवत नाही. आपणच केलं नाही तर दुसरं कोणी करणार नाही. पेजची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये ‘एमआर’ (mr, मराठी) लिहा. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, त्यांत तेवढ्याने ती अक्षरं दिसू लागतात. नाहीतर हिंदी वळणाची येतात. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) कधीच देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजी डिझाइनमधली घट्ट लाइन-हाइट (ओळीची उंची) तशीच उचलली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. मी साधारण १.६ पासून सुरुवात करते. शीर्षकाला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) असेल तर ‘कुणकेश्वर’मधला उकार कापला जात नाही ना, ते डोळ्यांनी बघा.

आणखी दोन गोष्टी मला गिऱ्हाइकांनी शिकवल्या. एका आजींनी फोन नंबर देवनागरी आकड्यांत टाइप केला आणि माझ्या फॉर्मने तो चुकीचा ठरवला. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर जुळवून बघायच्या सूत्रातला) आकड्याचा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, आणि ‘१२’चं संख्येत रूपांतर करायला गेलं तर ‘नॅन’ (संख्या नाही) मिळतं. तपासायच्या आधी आकडे बदलून घ्या, पाच ओळींचं काम आहे. दुसरी गोष्ट लांबीची. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ४ मोजतं. खान्याची कमाल लांबी ठरवणारी मॅक्सलेंग्थही तशीच मोजते. नाव वीस अक्षरांवर कापायला गेलात तर ते भलत्याच जागी तुटतं. जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर वापरा, नव्या ब्राउझरांत तो आपल्यासारखी अक्षरं मोजतो.

एआयची साधनं मी वापरते. फॉर्मचा पहिला खर्डा ती भराभर देतात. पण बटणाच्या जागी डिव्ह, लेबल गायब, लँग ‘ईएन’ (इंग्रजी), हे नेहमीचं आहे. जे वाचून समजलं नाही ते मी पेजवर चढवत नाही.

कामाचं वेळापत्रक मी इथल्या ऋतूंवर बसवलंय, आणि पुण्यापेक्षा ते मला बरं वाटतं. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट तपासून घेते, आणि मार्च ते मे कुठलंही अपग्रेड करत नाही. पेट्या जात असताना फॉर्म एक दिवस बंद पडला तर बागायतदाराचा तो माल कोण विकणार? त्या काळात फक्त चुका दुरुस्त करते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालते. तेच दोन महिने मी शिकायला ठेवलेत. दर पावसाळ्यात एकच नवीन विषय घेते आणि त्यातून एक छोटी खरी गोष्ट करते. मागच्या वेळी कंटेनर क्वेरी (चौकटीच्या मापानुसार मांडणी) घेतल्या आणि एका होमस्टेच्या खोल्यांची कार्डं पुन्हा लिहिली. पावसात वीज जाते आणि नेटही जातं, म्हणून त्या विषयाची कागदपत्रं आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवते. पुण्याच्या टीमलाही जूनमधल्या कामाच्या तारखा देताना दोन दिवस जास्तच सांगते, कारण वीज कधी येईल हे माझ्या हातात नाही.

पहिला पाऊस पडला की मामाचा फोन येतो, पेट्या संपल्या. त्याचा सगळा फॉर्म एका फील्डसेटमध्ये (खान्यांच्या गटाच्या टॅगमध्ये) आहे. मी त्याला ‘डिसेबल्ड’ हा एक शब्द लावते, सगळे खाने आणि बटण एकदम बंद होतात. वर एक ओळ टाकते: यंदाचा आंबा संपला, पुढची ऑर्डर मार्चपासून. मग पेज त्याच्याच फोनवर उघडून त्याला दाखवते.