वाघ, बॉटलनेक आणि जीन्स : बोलताना या चुका टाळा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाघांचा विषय निघाला की दोन मतं हमखास येतात. एक, वाघ वाढताहेत, आता टेन्शन नाही. दुसरं, गोव्यात मोजकेच आहेत, आपसातच पिल्लं होऊन संपणार. दोन्हीत गडबड आहे.

संख्या एकदा खूप घटली (यालाच बॉटलनेक म्हणतात), की नंतर आकडा वाढला म्हणजे जीन्समधली विविधता परत आली असं धरू नका. उत्तर पॅसिफिकमधल्या एलिफंट सीलची 19व्या शतकात तेलासाठी इतकी कत्तल झाली की बोटावर मोजण्याइतके उरले, आज ते लाखाच्या वर आहेत, पण सगळे त्या मोजक्यांचेच वंशज, त्यामुळे डीएनएत फरक फारच कमी. चतुर्थीच्या माटोळीतून (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीतून) डोळे मिटून चार वस्तू ओढल्या तर नारळ-सुपारी नक्की हाताला लागेल, रानातून शोधून आणलेलं ते एकच फळ राहून जाणार, तसंच दुर्मिळ जीन्सचं होतं. आणि म्युटेशनने, म्हणजे जीन्समध्ये आपोआप होणाऱ्या बदलांनी, ती भरपाई व्हायला हजारो पिढ्या जातात.

उलट, संख्या पडली की लगेच सगळं संपलं असंही नाही हां. एका पिढीपुरते 10 प्राणी उरले तर हेटेरोझायगॉसिटी (आईकडून आणि बापाकडून आलेल्या जीनच्या प्रती वेगळ्या असण्याचं प्रमाण) साधारण 5 टक्केच जाते, पण तिथेच 10 पिढ्या अडकले तर 40 टक्के गेली. हे 10 म्हणजे कॅमेरा ट्रॅपमध्ये दिसलेले नव्हेत, प्रत्यक्ष पिल्लं देणारे. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ बघा, फोटो भारी असतात, पण बाकीच्या वाघांपासून तुटल्यामुळेच काळा रंग देणारा, एरवी दुर्मिळ असलेला जीन तिथे इतका पसरलाय.

गोव्याचे वाघ वेगळे मोजणं ही सगळ्यात मोठी चूक. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव हा अभयारण्यांचा सलग पट्टा कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाला जोडलेला आहे. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत विषबाधेने चार वाघ मेले, ती जागा भरायला नवीन रक्त येणार तर याच वाटेने.

"बाहेरून वाघ आणून सोडा" हा सल्लाही घाईचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा पँथरवर (तिथल्या प्युमावर) आपसातल्या पैदाशीमुळे शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, अशी पाळी आली तेव्हा 1995 मध्ये टेक्ससमधून 8 माद्या आणल्या, उपाय लागू पडला, पण तो शेवटचा. आपल्याकडे वाट अजून आहे. मोलेतल्या रेल्वे, हायवे, वीजवाहिनीच्या प्रकल्पांवर बोलताना झाडं किती पडणार एवढंच विचारू नका, तरणा नर वाघ तिथून पलीकडे जाऊ शकेल का, तेही विचारा.