पहिल्या वेताच्या कालवडीसाठी वळू कोणत्या जातीचा?

थंडीची चाहूल लागली की जनावरांचा माज ठळक दिसू लागतो. उन्हाळ्यात वारंवार उलटलेल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेल्या कालवडीही या दिवसांत गाभण राहतात, त्यामुळे भरवण्याची घाई सुरू होते. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भरवलेली कालवड ऑगस्टच्या सुरुवातीला विते. त्या दिवशी वासरू सहज बाहेर येईल की माणसं लावून ओढावं लागेल, हे बरंचसं आज कोणती वीर्यकांडी (कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य भरलेली बारीक नळी) वापरली यावर ठरतं.

बहुतेक पशुपालक कालवडीलाही गोठ्यातल्या मोठ्या गाईंसाठी वापरतात तोच वळू वापरतात. भरपूर दूध देणाऱ्या घराण्यातला वळू, म्हणजे पुढची कालवडही दुधाळ, हा हिशेब त्यामागे असतो. पहिल्या वेताला मात्र तो बाजूला ठेवावा. कालवडीची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते, कमरेचा सांगाडा अरुंद असतो, आणि मोठ्या गाईच्या तुलनेत ती विताना अडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अडलेल्या कालवडीचं वासरू दगावू शकतं. तिची वार अडकते, गर्भाशयाला सूज येते, दूध घटतं, पुन्हा माजावर यायला उशीर होतो. जोर लावून ओढताना कमरेतली नस दाबली गेली तर मागचे पाय लुळे पडून ती उठतही नाही. पुढची पाच-सहा वेतं देऊ शकणारी गाय अशा वेळी एकाच वेताला हातची जाते.

जातीचा पहिला अंदाज वासराच्या जन्मवजनावरून बांधावा. होल्स्टिन फ्रिजियनचं वासरू जन्मतः सुमारे ४० किलोचं, तर जर्सीचं सुमारे २५ किलोचं असतं. म्हणून होल्स्टिन किंवा होल्स्टिन संकरित कालवड बांध्याने लहान असेल तर पहिल्या वेताला जर्सी वळू हा सुरक्षित पर्याय आहे. त्यातून जन्मलेल्या कालवडीचं पुढे दूध लिटरमध्ये कमी भरेल, पण फॅट चांगली लागेल. हे आधी मान्य असेल तरच ती निवड करा. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये अँगस वळू कालवडींसाठी याच कारणाने वापरला जातो. शॅरोले, सिमेंटल यांची वासरं मोठी, आणि बेल्जियन ब्लूचं दुप्पट स्नायूंचं वासरू तर कालवडीसाठी सरळसरळ धोक्याचं.

देशी, म्हणजे वशिंड असलेल्या जातीचा वळू वापरला की वासरू आपोआप लहान होतं, असा एक समज आहे. आई विदेशी रक्ताची असेल तर उलटंही घडतं. ब्राह्मण या वशिंडवाल्या जातीचा वळू आणि विदेशी गाय यांच्या संकरात वासरं अपेक्षेपेक्षा जड जन्मतात, विशेषतः नर. गाय वशिंडवाली आणि वळू विदेशी असेल तर तसं होत नाही, कारण अशी आई पोटातल्या वासराची वाढ आवरून धरते. म्हणून वळूबरोबर आईची जातही बघा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. जातीपेक्षा त्या जातीतला नेमका वळू जास्त महत्त्वाचा. एकाच होल्स्टिन जातीत सहज विणारी वासरं देणारे वळू असतात आणि अडवणारेही. वळूच्या फोटोवरून किंवा उंचीवरून हे कळत नाही. माहितीपत्रकात ‘सुलभ प्रसूती’चा आकडा आणि त्याची विश्वासार्हता शोधा. हा आकडा वाचताना एक काळजी घ्या: काही पत्रकांत तो अवघड प्रसूतींची टक्केवारी म्हणून दिलेला असतो, तिथे कमी तेवढा चांगला, काहींत सुलभतेचा गुण म्हणून दिलेला असतो, तिथे जास्त तेवढा चांगला. पत्रकाच्या तळाशी खुलासा असतो, तो वाचल्याशिवाय तुलना करू नका. आणखी एक आकडा त्या वळूच्या मुली स्वतः किती सहज वितात याचा असतो. जन्मणारी कालवड गोठ्यातच ठेवायची असेल तर हा दुसराही पाहा. फक्त लहान वासरं देणारा वळू पिढ्यानपिढ्या वापरत गेलं, तर मुलींचा बांधाही लहान होत जातो.

लिंगनिश्चित वीर्याचा इथे दुहेरी उपयोग होतो. त्यातून सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात, आणि मादी वासरू नरापेक्षा दोन-तीन किलो हलकं असतं. गर्भधारणेचं प्रमाण साध्या वीर्यापेक्षा काहीसं कमी असलं, तरी कालवडी मुळात लवकर गाभण राहतात, म्हणून ते वापरायचंच तर त्यांच्यावरच. कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक रेतनाआधी स्वतः वाचून वहीत उतरवा. कालवडीच्या बापाचाच क्रमांक निघाला तर ती कांडी नको.

वळू कितीही चांगला असला तरी कालवड तयार नसेल तर उपयोग नाही. भरवताना तिचं वजन तिच्या प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के हवं. आईचं वजन ४२० किलो असेल तर २५० ते २७५ किलो. वजनकाटा नसला तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या टोकदार हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६० आणि लांबी ४८ इंच भरली तर वजन सुमारे २६२ किलो. वजन भरत नसेल तर माज सोडून द्या, २१ दिवसांनी तो पुन्हा येतोच.

वासरू लहान राहावं म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत खुराक तोडू नका. वासराचं वजन किंचित घटतं, पण अडण्याचं प्रमाण कमी होत नाही. कालवड अशक्त होऊन कळा द्यायला ताकद उरत नाही. अतिखुराकही वाईट, प्रसूतीमार्गात चरबी साठते.

विताना पाणमोट फुटून तासभर झाला तरी वासरू पुढे सरकत नसेल, किंवा दोन खुरांवर नाक टेकलेलं न दिसता एकच पाय किंवा शेपूट दिसत असेल, तर ओढाताण न करता लगेच पशुवैद्यकाला बोलवा. व्याल्यावर वासराचं वजन, लिंग, वळूचा क्रमांक आणि मदत लागली की नाही, हे त्याच दिवशी वहीत नोंदवा. पुढच्या कालवडीसाठी वळू निवडताना माहितीपत्रकाबरोबर ही नोंदही समोर ठेवा.