हेवी सॅक घेऊन डोंगरात जायचंय? आधी सॅक बांधायला शिका

पहिल्यांदा सहा दिवसांच्या ट्रेकला निघाले तेव्हा माझं वजन ५४ किलो आणि सॅकचं १९, म्हणजे माझ्या एक तृतीयांशाहून जास्त. दुपारपर्यंत दोन्ही हातांना मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, आणि मला वाटत राहिलं की स्टॅमिना कमी पडतोय. स्टॅमिना ठीक होता. हिप बेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेचा पट्टा, मी पोटावर बांधला होता आणि सगळं ओझं खांद्यांवर लटकत होतं. ग्रुपमधल्या एका अनुभवी ताईने मला थांबवलं, सगळे पट्टे ढिले केले आणि पहिल्यापासून बांधून दिले, जेमतेम पाच मिनिटं लागली असतील पण पुढचे पाच दिवस मी त्याच्यावर काढले.

ते असं. सगळं ढिलं करून सॅक पाठीवर घ्यायची. हिप बेल्ट कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे, पट्ट्याचा मधला भाग बरोबर हाडाच्या वरच्या कडेवर, आणि तो आधी घट्ट करायचा. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील एवढेच. मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे साधारण ४५ अंशात येतील असे ओढायचे आणि शेवटी छातीचा, श्वास अडणार नाही इतपत. बरोबर बांधलं असेल तर बहुतेक वजन कमरेवर येतं. नाहीच येत असेल तर सॅकची साईझ चुकलीये. इथे लोक फक्त लिटर बघतात, ६० का ७०, पण पाठीची लांबी बघायची असते: मान झुकवली की जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, त्यामुळे उंचीवरून अंदाज करू नका.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, आणि जड वस्तू म्हणजे जेवणाचं सामान, स्टोव्ह, पाणी हे पाठीला चिकटून मधल्या भागात. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे खेचते, मग आपण दिवसभर पुढे वाकून चालतो आणि संध्याकाळी कंबर धरते. बाहेर काही लटकवू नका, हलत राहतं आणि तोल जातो.

किती वजन? शरीराच्या वजनाच्या २० टक्के हा सर्रास सांगितला जाणारा आकडा, माझ्यासाठी ११ किलो. पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला तेवढ्यात बसवणं खरंच अवघड आहे, म्हणून टेंट, स्टोव्ह वाटून घ्या. प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाटेत पाणी कुठे मिळतं हे आधी माहीत असलं की दोन-तीन किलो सहज उतरतात.

सराव पाण्याच्या बाटल्या भरून करा, ५ किलोपासून सुरू करून हळूहळू वाढवा. चढून झालं की वर पाणी ओतून द्या आणि हलक्या सॅकने उतरा, सुरुवातीला गुडघ्यांना उतारच जास्त त्रास देतो.

वेळेचं गणितही जड सॅकमुळे चुकतं. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, अधिक ६०० मीटर चढाईला एक तास. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे जवळपास चार तास. जड सॅक असेल तर मी सहा धरते, थांबे वेगळे. पायात कुठेही गरम लागलं की तिथेच थांबून टेप लावा, कॅम्पवर बघू म्हणालात तर तोवर फोड आलेला असतो. आणि ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, कितीही फ्रेश वाटलं तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नदी. पाण्यात उतरायच्या आधी हिप बेल्ट आणि छातीचा पट्टा उघडा. पडलात तर सॅक सोडून देता आली पाहिजे, नाहीतर तीच खाली दाबते. बर्फाच्या पाण्याच्या नद्या ऊन चढेल तशा फुगतात, पहाटे सगळ्यात कमी असतात. एकदा आम्ही दुपारी तीनला अशा नदीपाशी पोचलो, पाणी मांडीपर्यंत आणि जोरात, पलीकडे कॅम्पसाईट दिसत होती. दोघं जण जाऊया म्हणत होते, मी नाही म्हटलं आणि अलीकडेच टेंट लावला. सकाळी साडेपाचला पाणी गुडघ्याच्या खाली होतं. तो दिवस निभावला कारण एका जादा दिवसाचं जेवण सोबत होतं. वजन कमी करताना मी बाकी सगळ्याला हात लावते, त्याला नाही.