हिवतापाच्या परजीवीचे प्रथिन प्रतिपिंडांना कसे चुकवते, हे कसे तपासावे

हिवतापाचा परजीवी रूप बदलतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमची सगळी प्रथिने एकाच युक्तीने निसटत नाहीत, आणि कोणती युक्ती चालू आहे हे न ठरवता प्रयोगाला हात घातला, तर हाती आलेल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: प्रथिन परजीवीच्या कोणत्या अवस्थेत दिसते, कोठे दिसते आणि प्रतिपिंडांच्या टप्प्यात किती वेळ राहते.

सुरुवात पीएफईएमपी-१ पासून करावी. हे प्रथिन परजीवी आपण व्यापलेल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवट्यांवर मांडतो, त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून राहते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. मात्र असे उघड्यावर राहिल्याने ते प्रतिपिंडांच्या तावडीतही सापडते. त्यावरचा तोडगा जनुकांत आहे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या ३डी७ या परजीवीच्या वाणाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय क्रम) २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या प्रथिनाची सुमारे ६० व्हार जनुके आढळतात आणि एका परजीवीत एका वेळी सहसा त्यांपैकी एकच चालू असते. एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत काही परजीवींनी दुसरे जनुक चालू केलेले असते आणि पुढची लाट त्यांचीच असते. दुसऱ्या रुग्णातील वाणाचा जनुकसंच आणखी वेगळा असतो, त्यामुळे डेटाबेसमधला सोयीचा क्रम उचलून प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला ओळखतात तो रेणू) बनवण्याआधी आपल्या नमुन्यात कोणते जनुक चालू आहे, हे आरएनएवरून पाहून घ्यावे.

त्यानंतर पेशींचे पुंजके पाहण्याची चाचणी करावी. ती जुनी आहे, पण प्रतिपिंडे पृष्ठभाग खरोखर ओळखतात की नाही, हे ती डोळ्यांना दाखवते. आजारी मुलाच्या रक्तातील परजीवी साधारण एक दिवस वाढवून पक्व ट्रोफोझोइट अवस्थेत आणावेत, कारण कोवळ्या वलयावस्थेत हे प्रथिन अजून पृष्ठभागावर आलेले नसते. मग केंद्रक उजळवणारे रंगद्रव्य आणि सीरम (रक्तातील प्रतिपिंडे असलेला पातळ द्रव) मिसळून, मिश्रण हळूहळू फिरवत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. त्याच मुलाचे आजारातले व बरे झाल्यानंतरचे, दुसऱ्या मुलाचे, त्याच भागातील प्रौढाचे आणि हिवताप कधीच न झालेल्या व्यक्तीचे अशी सीरमे शेजारीशेजारी लावावीत. बरे झाल्यानंतरचे सीरम स्वतःच्याच वाणाच्या पेशी गोळा करते आणि दुसऱ्याच्या बहुधा करत नाही. प्रौढाचे मात्र अनेक वाण ओळखते. येथे घाई करू नये. पुंजक्यात निरोगी पेशीही अडकलेल्या असतील, तर सीरममधील रक्तगटाची प्रतिपिंडे आधी शोषून काढली होती का, हे तपासावे. आणि एका बाधित पेशीभोवती निरोगी पेशी पाकळ्यांसारख्या चिकटल्या असतील, तर ते रोझेट आहे, त्याची गणना पुंजक्यात करू नये.

तांबड्या पेशीत शिरताना परजीवीला लागणाऱ्या एएमए-१ या प्रथिनाची गोष्ट निराळी आहे. त्याचे जनुक एकच, पण वाणागणिक त्यातील अमिनो आम्ले बदलतात. अनेक वाणांचे क्रम एकाखाली एक मांडून बदलणाऱ्या जागा त्रिमितीय रचनेवर रंगवाव्यात, म्हणजे त्या परजीवीचेच दुसरे प्रथिन आरओएन-२ ज्या खाचेत बसते तिच्या कडेने दाटलेल्या दिसतील. खाच जपून परजीवीने प्रतिपिंडांना लक्ष्य करता येतील अशा कडा बदलत्या ठेवल्या आहेत. मालीमध्ये ३डी७ च्या एएमए-१ वर आधारलेली लस मुलांना दिली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण संरक्षण ठळक दिसले नाही, पण लशीशी जुळणाऱ्या वाणांच्या आजाराविरुद्ध सुमारे ६४ टक्के परिणाम दिसला. म्हणून एकाच वाणावरील चाचणीवरून निष्कर्ष काढू नये.

आरएच-५ हे तिसरे प्रथिन वाणागणिक फारसे बदलत नाही. ते मेरोझोइटच्या (तांबड्या पेशीत शिरणाऱ्या परजीवीच्या अवस्थेच्या) आत जपून ठेवलेले असते आणि तांबड्या पेशीवरील बॅसिजिन या प्रथिनाला बिलगण्याच्या वेळी बाहेर येते. पेशीत शिरण्याचा सगळा व्यवहार काही मिनिटांत आटोपतो आणि नैसर्गिक संसर्गात त्याविरुद्ध प्रतिपिंडेही थोडीच तयार होतात. एलायझात (प्रतिपिंडे प्रथिनाला चिकटतात का, हे पाहणाऱ्या चाचणीत) प्रथिन चिकटले एवढ्यावर येथे थांबू नये. शुद्ध केलेल्या आयजीजीची (रक्तातील मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांची) मात्रा पायरीपायरीने वाढवत परजीवीची वाढ किती मात्रेला रोखली जाते, हे मोजावे.